दोरीवरची कॉलेजं

जून सरत आला की बाईंचे कपडे घरातच वाळायचे. खुर्च्यांच्या पाठीवर, दाराच्या कडीला, एकदा तर टीव्हीवर परकर पसरलेला मी स्वतः पाहिलाय. कारण गॅलरीतली दोरी तेव्हा मोकळी नसायची. तिच्यावर कॉलेजं वाळत घातलेली असायची.

मस्करी नाही करत. मेडिकलला जाणाऱ्या मुलांना मार्क लागल्यावर सरकारच्या साइटवर पसंतीक्रम भरायचा असतो. म्हणजे आधी कुठलं कॉलेज हवं, ते नाही तर कुठलं, तेही नाही तर कुठलं. ही यादी करायला कोणी क्लासवाल्यांकडे जातं, कोणी कम्प्युटरवर रंगीत तक्ते करतं. बाई ती दोरीवर करायच्या. जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या कोऱ्या बाजूवर जाड स्केचपेनने गावाचं नाव लिहिलेलं. कॉलेजचं नाही, नुसतं गावाचं. लातूर. मिरज. गोंदिया. मुलाने स्टुलावर उभं राहायचं आणि एकेक पत्रिका कपड्याच्या चिमट्याने दोरीला लावायची. डावीकडचं सगळ्यात हवं, उजवीकडचं सगळ्यात शेवटी. आईबापांनी खाली सतरंजीवर बसायचं, हात मांडीवर ठेवायचे आणि गप्प राहायचं.

बाई ठाण्यात आमच्या कोपरीच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायच्या, एकट्या. कॉलेजात केमिस्ट्री शिकवून रिटायर झालेल्या. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर. मी घरी ब्लाउज शिवते, माझं मशीन दाराशीच असतं, त्यामुळे जिन्याने कोण वर गेलं आणि कुठलं तोंड घेऊन खाली आलं हे मला बसल्याजागी कळायचं. त्या दिवसांत नुसती रीघ. डोंबिवलीहून, कल्याणहून, पार शीळफाट्याच्या पुढून लोक यायचे. बाई एक पैसा घ्यायच्या नाहीत, पण माणसाचा अपमान मात्र मनापासून करायच्या. तेवढं सहन करायची तयारी असेल तर यावं.

कोणी "आमचे मार्क जरा कमी पडले" म्हणालं की संपलंच. "तुम्ही पेपर दिलात?" बाई अगदी गंभीरपणे विचारायच्या. "मग आपले मार्क आपण सांगा, मुलीचे ती सांगेल." एका मुलीच्या आईने तर "आम्ही मेडिकल करतोय" म्हटलेलं. त्यांना बाईंनी मानवी शरीरात हाडं किती ते विचारलं. बिचाऱ्या माझ्या गिऱ्हाईक होत्या. खाली आल्या त्या रडवेल्या, माप न देताच गेल्या.

पण यादी करायची बाईंची रीत मात्र एकदम सरळ होती. प्रत्येक पत्रिकेला एकच प्रश्न, "हे मिळालं तर बॅग भरशील?" मूल हो म्हणालं तर पत्रिका दोरीवर. कचरलं, आईकडे बघितलं, "बघू" म्हणालं, तर पत्रिका डब्यात. सगळी हो म्हटलेली गावं वर गेली की मग त्यांचा क्रम. क्रम लावताना मार्कांचा विचार करायला बंदी. "मार्कांचं मशीन बघून घेईल," म्हणायच्या, "तू फक्त हवं ते आधी लाव." फीचं तेवढं आईबापांनी सांगायचं, झेपेल की नाही झेपेल. बाकी तोंड बंद. आणि एखाद्या गावाला कोणी नाक मुरडलं, की तिथं कोण जाणार, तर बाईंचा आवाज एकदम खाली यायचा. "का? तिथे माणसं आजारी पडत नाहीत?"

लावलेली दोरी तशीच चार-पाच दिवस ठेवायची हाही एक नियम. मुलाने रोज येऊन बघायची, वाटलं तर चिमटे हलवायचे. एकेका वेळी दोन-तीन मुलांच्या दोऱ्या. गॅलरीला ग्रिल आणि त्यावर प्लॅस्टिक, त्यामुळे पावसाचं भय नव्हतं, पण कबुतरांचं होतं. एकदा कबुतराने एकाचं कोल्हापूर घाण केलेलं. त्याच्या आईने शकुन म्हणून ते काढून टाकायला सांगितलं. बाईंनी नवीन पत्रिकेवर नवीन कोल्हापूर लिहून त्याच जागी लावलं आणि आईला खाली माझ्याकडे पाठवून दिलं. मी तिला चहा पाजला. असली माणसं शांत करायचं काम बिनपगारी माझ्याकडेच होतं.

माजिवड्याच्या टॉवरमधले एक गृहस्थ आलेले ते मला कधी विसरायला होणार नाही. लॅपटॉप, त्यात गेल्या कित्येक वर्षांचे कटऑफ, हिरवे-पिवळे-लाल रंग. बाईंनी लॅपटॉप मिटायला लावला आणि त्यांच्या हातात चिमट्यांची टोपली दिली. मुलगा स्टुलावर. बाई विचारतायत, नागपूर मिळालं तर बॅग भरशील? बघू. पुणे? बघू. मुंबई? तो गप्प. एकामागून एक सगळ्या पत्रिका डब्यात. शेवटी मुलगा स्टुलावरून उतरला आणि म्हणाला, मला मेडिकलच नकोय. वडील टोपली धरून तसेच उभे. बाई मात्र खूश झालेल्या. ह्या वर्षातली सगळ्यात चोख यादी, असं म्हणाल्या म्हणे त्या रिकाम्या दोरीकडे बघून. ते गृहस्थ जिना उतरताना जे बोलत होते ते मी इथे सांगणार नाही. पण पुढच्या वर्षी तेच आले, मुलाने केलेला केक घेऊन. तो कुठेतरी बेकिंग शिकायला लागलेला. केकला एक नंबर रंग आला होता. बाईंनी त्यातला अर्धा आम्हाला पाठवला.

आणि जी मुलं जायची त्यांना बाई गावाच्या नावानेच हाक मारायच्या. कायमची. रविवारी सकाळी त्यांचा फोन वाजायचा आणि वरून मला ऐकू यायचं, "काय रे लातूर, जेवलास का?" "मिरज, तुझी मेस सुधारली का गं?" कुठल्या हॉस्टेलला पाणी कधी येतं, कुठल्या लायब्ररीतला पंखा आवाज करतो, सगळं बाईंना ठाऊक. नंदुरबार तर दर वर्षी मिरच्या पाठवायचा. आता तो डॉक्टर झालाय, बायको आहे, मूल आहे, पण बाईंसाठी तो नंदुरबारच.

तर आता आमचं. म्हणजे आमच्या केतकीचं. बघा, बाई समोर असत्या तर त्यांनी इथेच मला टोकलं असतं.

केतकीला पाचवीत असल्यापासून डायबेटिस. लहान मुलांना होतो तो, इन्शुलिनवाला. दिवसातून चार-चार इंजेक्शनं, आणि कधी शुगर खाली गेली तर मुलगी झोपेतच घामाने भिजते. इतकी वर्षं मी रात्री उठून तिच्या कपाळाला हात लावून बघत आलेय. तिला डॉक्टरच व्हायचं होतं. पहिल्या वर्षी जमलं नाही, दुसऱ्यांदा परीक्षा दिली, आणि तिसऱ्यांदा नाही हे घरात ठरलेलं. मार्क आले ते असे की ना धड इकडचे, ना धड तिकडचे. मुंबई नाही मिळणार, पण कुठेतरी नक्की मिळेल. हे कुठेतरी म्हणजे कुठे, ह्याच्यावर माझी झोप उडालेली.

मी वर गेले ती ठरवूनच गेले. सतरंजीवर बसायच्या आधीच बाईंना म्हटलं, फक्त मुंबई, ठाणं आणि फार तर पुणं. चौथं नाव नको. एवढ्या लांब हिला ठेवून मी जगू शकणार नाही.

बाईंनी चष्मा काढला. "यादी तुमच्या काळजीची करायची की हिच्या पसंतीची?"

मी सतरंजीवर बसले. बाईंनी मग केतकीला स्टुलावर चढवलं आणि जे आमच्या घरात कोणी उच्चारत नसे ते सरळ विचारलं. हॉस्टेलला रात्री शुगर खाली गेली तर काय करशील? केतकीने जराही न अडखळता सांगितलं. उशाखाली ग्लुकोज. रूममेटला पहिल्याच दिवशी सगळं सांगायचं, लपवायचं नाही. दोन अलार्म. त्या गावात चोवीस तास उघडं मेडिकल कुठलं ते आधी शोधून ठेवायचं. तिने हे सगळं कधी ठरवलं, मला पत्ता नव्हता. मला रडू आलं, आणि खरं सांगते, थोडा रागही आला. इतकी वर्षं मी उठत होते ना.

दोन गावं तिने स्वतःच नको म्हटली. बाकी सगळी लागली. आधी मुंबई, ठाणं, मग अलिबाग, पुणं, नाशिकच्या बाजूची, आणि एकदम उजवीकडे, खिडकीच्या गजाशी, नंदुरबार आणि गोंदिया. गोंदियाला बॅग भरशील का म्हटल्यावर ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "भरीन. पण सगळ्यात शेवटी." बाईंनी मान डोलावली. मी पाच दिवस रोज वर जाऊन त्या दोरीकडे बघून यायची, आणि गोंदिया जरा अजून उजवीकडे सरकतंय का ते बघायची.

आता आमचे हे. ह्यांची सरकारी नोकरी. खातं कुठलं ते सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. त्या खात्यात बदलीच्या वेळी पसंतीचं गाव लिहून द्यायचं असतं. ह्यांनी पहिल्यांदा ठाणं लिहिलं, मिळालं मुरबाड. मग कल्याण लिहिलं, मिळालं शहापूर. परत ठाणं लिहिलं, मिळालं मोखाडा. एका वर्षी वैतागून जव्हार लिहिलं, म्हटलं घ्या, टाका कुठे टाकायचं ते. तर साहेबांनी ठाणं दिलं! तेव्हापासून ह्यांचं पक्कं झालं, की जे हवं ते कधी वर लिहायचं नाही. वर बसलेल्या माणसाला वाटतं, हा मागतोय म्हणजे माजलाय. नको ते वर लिहावं, साहेब खूश होतो आणि स्वतःहून चांगलं देतो. ह्या एका गोष्टीवर ऑफिसात चार लोकांनी ह्यांचा सल्ला घेतलेला. दोघांचं कामही झालेलं म्हणे. मग काय बोलायची सोय?

फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी केतकीला ताप होता. हे म्हणाले, मी स्टेशनजवळच्या सायबरवाल्याकडून भरून आणतो. दोरीवरची नावं कागदावर उतरवून घेतली आणि गेले. दुपारी आले ते अगदी हसऱ्या तोंडाने. फॉर्म सेव्ह केलाय, संध्याकाळपर्यंत लॉक करायचा, तेवढं बटण घरून मोबाईलवर दाबता येतं. प्रिंट केतकीच्या उशाशी ठेवली. मी सहज बघितली. पहिल्या नंबरला गोंदिया. दुसऱ्याला नंदुरबार. आणि मुंबई, ठाणं, अलिबाग पार तळाला.

 ह्यांना विचारलं तर मलाच समजावायला लागले. तुला नाही कळत, सरकारी काम आहे, मी तीस वर्षं सरकारात काढलीत. आता बघच, घराजवळचं देतात की नाही. मी आवाज चढवला, त्यांनीही चढवला. आमच्या वेळी नियम असा होता, की पहिल्या नंबरला लिहिलेलंच मिळालं तर ते घ्यावंच लागायचं, पुढच्या फेरीत बदलून मिळायचं नाही. केतकीच्या मार्कांना गोंदिया हमखास मिळणार होतं. म्हणजे पहिल्याच फेरीत दार बंद. हे मी ओरडून सांगतेय, केतकी तापात उठून बसलेली, आणि हे आपले शांतपणे जव्हारची गोष्ट सांगतायत.

तेवढ्यात दारात बाई. गुडघ्यांमुळे बाई जिना उतरत नसत. भाजी, औषधं, सगळं वर मागवायच्या. त्या दिवशी आमचं भांडण ऐकून कठड्याला धरून धरून एकेक पायरी उतरून आल्या, आणि घामाघूम होऊन माझ्या मशीनच्या स्टुलावर बसल्या. प्रिंट मागितली. वाचली. आता हे गेले, म्हटलं मी मनात. हाडं विचारणार.

पण बाई अजिबात चिडल्या नाहीत. ह्यांना म्हणाल्या, असं का लावलंत ते मला सांगा. ह्यांनी सगळं सांगितलं. मुरबाड, शहापूर, मोखाडा, जव्हार. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि इथे साहेब कोण आहे?"

"असेलच ना कोणीतरी," हे म्हणाले. "वर कोणीतरी बसलेलं असणारच."

"नाही हो. कोणी नाही. मशीन आहे. ते हिचे मार्क घेतं आणि तुमच्या यादीत वरून खाली बघत येतं. पहिलं बसलं तर पहिलं देतं, नाही तर दुसरं. त्याला राग येत नाही."

ह्यांनी बाईंच्या हातातली प्रिंट परत बघितली. मला वाटलं पटलं नाही. मग एकदम हळू आवाजात विचारलं, "म्हणजे आधी मुंबई मागितली म्हणून नंतरच्याचं काही वाईट होत नाही?"

"काहीच होत नाही. मागितल्याची शिक्षा नाही इथे."

 ह्यांनी केतकीकडे बघितलं, मग मोबाईल तिच्या हातात दिला. तूच लाव, म्हणाले. केतकीने अंगावरची चादर बाजूला केली आणि एकेक नाव जागेवर आणलं. बाई स्टुलावर बसून पाठ असलेली दोरी तिला बोलून दाखवत होत्या. मुंबई, ठाणं, अलिबाग, पुणं. शेवटी गोंदिया. लॉकचं बटण दाबायच्या आधी बाईंनी ह्यांना प्रिंट परत दिली आणि म्हणाल्या, ही ऑफिसात न्या, तिथे तुमचंच बरोबर आहे. ह्यांना हसू आलं. मलाही. त्या सगळ्या दिवसात पहिल्यांदा श्वास सुटल्यासारखं झालं.

पहिल्या फेरीचा निकाल लागला तेव्हा केतकीने मोबाईल माझ्यासमोर धरला आणि मला चष्म्याशिवाय काही दिसेना. अलिबाग, ती म्हणाली. अलिबाग! सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचता येतं. मांडव्याला लाँच. काही झालं तर मी अर्ध्या दिवसात तिच्या उशाशी. मी देव्हाऱ्यासमोर बसले आणि नुसती बसून राहिले. एवढं हलकं मला केतकी शाळेत असल्यापासून कधी वाटलं नव्हतं. गोंदिया मिळालं असतं तरी ती गेली असती, आणि नीट राहिली असती, हेही मला तेव्हा पटलेलं होतं. पण मिळालं नाही ते बरंच झालं बाई, का खोटं बोलू.

हे मात्र खाटेवर बसलेले. मला वाटलं खूश आहेत. जवळ गेले तर डोळ्यांत पाणी.

"म्हणजे खरंच कोणी नव्हतं," म्हणाले. "मी उगाच इतकी वर्षं..." 

 साहेब होते, खरेच होते, रागवायचेही. पण प्रत्येक ठिकाणी साहेब नसतो, हे ह्या माणसाला कोणी सांगितलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

संध्याकाळी आम्ही तिघं पेढे घेऊन वर गेलो. गॅलरीत दोरीवर दुसऱ्याच कोणाची तरी गावं लागलेली. बाईंनी केतकीला बघितलं आणि हाक मारली, "ये, अलिबाग." झालं. तेव्हापासून ती अलिबागच. पुढे आमची बिल्डिंग पाडायला निघाली, बाई डोंबिवलीला भाचीकडे गेल्या, आम्ही भाड्याने दुसरीकडे. पण रविवारचा फोन अजून चुकलेला नाही, आणि त्या हाकेचं केतकीला इतकं काही आहे की तिने हॉस्टेलच्या मैत्रिणींनाही सांगितलंय.

तर त्या संध्याकाळी. बाईंनी पेढ्याचा तुकडा तोडला, बाकीचा परत दिला, आणि ह्यांना विचारलं, "चहा घेता की कॉफी?"

"काहीही चालेल," हे म्हणाले.

बाई जागच्या हलल्या नाहीत. "काहीही माझ्याकडे नाही. चहा आहे आणि कॉफी आहे."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सवयीने चहा म्हणायला तोंड उघडलेलंच होतं. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं. 

"कॉफी," हे म्हणाले. आणि बाई आत जायला वळल्या तेव्हा, "साखर जरा जास्त."

लग्न झाल्यापासून रोज सकाळी मी ह्या माणसापुढे चहा ठेवत आलेय. त्यांना कॉफी आवडते हे मला त्या दिवशी कळलं.